जवळच्या वाटेचे पुस्तक

गेल्या डिसेंबरात मी सॉल्ट लेक सिटीला मुलीकडे होतो. नाताळच्या सुट्टीत युटातून निघून नेवाडा ओलांडायचा आणि कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला जायचे, असा बेत शिजत होता. जेवणे आटोपल्यावर जावयाने टेबलावर लॅपटॉप उघडला. इंटरस्टेट ८०, साडेसहाशे मैल, दहा तास. "बाबा, सरळ रस्ता आहे. झोपलात तरी चालेल." मी चष्मा लावून नकाशावरची निळी रेघ पाहत होतो. रेघेच्या शेवटी, सिएरा नेवाडाच्या माथ्यावर, बारीक अक्षरांत एक नाव होते : डॉनर पास.

उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली, पण तो आपल्याकडचा. तरी जॉर्ज स्टुअर्ट या लेखकाचे १९३६ साली निघालेले 'ऑर्डील बाय हंगर' मी पूर्वी वाचलेले होते. बर्फात अडकलेल्या माणसांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले, एवढेच त्यातले डोक्यात राहिले होते. बहुतेकांच्या डोक्यात तेवढेच राहते. त्या रात्री निळ्या रेघेकडे पाहताना मात्र वेगळाच प्रश्न पडला. हीही माणसे अशीच टेबलाभोवती बसून बेत आखत असतील. मग त्यांचे नेमके चुकले कुठे? प्रवासाला आठवडा होता. तो मी या प्रश्नात घालवला.

एप्रिल १८४६ मध्ये इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डहून जॉर्ज आणि जेकब हे डॉनर बंधू व जेम्स रीड सहकुटुंब निघाले. ही देशोधडीला लागलेली माणसे नव्हती. डॉनर बंधू खाऊनपिऊन सुखी शेतकरी होते, रीड तर पैसेवाला व्यापारी. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात होता आणि मे महिन्यात अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले. जमिनीच्या ओढीने जाणाऱ्यांचे पाय त्याने थांबले नाहीत. त्यांना तारीख तेवढी पाळायची होती. वसंतात गवत उगवल्यावर निघायचे आणि बर्फ पडायच्या आत सिएरा ओलांडायचा. त्या प्रवासाचे सगळे शास्त्र एवढ्यात येते.

त्या साली या वाटेवर एक पुस्तक फिरत होते. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या तरुण वकिलाने लिहिलेले ऑरेगन-कॅलिफोर्नियाच्या वाटेचे हे मार्गदर्शक १८४५ साली सिनसिनाटीत छापले गेले. त्यात एका वाक्यात एक जवळची वाट सुचवली होती : नेहमीसारखे उत्तरेला फोर्ट हॉलकडे वळू नका, फोर्ट ब्रिजरवरून नैर्ऋत्येला सॉल्ट लेक गाठा आणि पुढे थेट पश्चिम धरा. हे वाक्य लिहिले तेव्हा हेस्टिंग्ज स्वतः त्या वाटेने गेलेला नव्हता. तो पहिल्यांदा गेला १८४६ च्या वसंतात, तोही उलट्या दिशेने, घोड्यावर आणि बैलगाड्यांवाचून. कॅलिफोर्नियात आपली वसाहत व्हावी आणि तिथले पुढारीपण आपल्याकडे यावे, ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी त्याला माणसे हवी होती.

त्या उलट्या प्रवासात त्याच्याबरोबर जेम्स क्लायमन हा डोंगरात मुरलेला माणूस होता. जूनच्या अखेरीस फोर्ट लॅरामीजवळ क्लायमनची आणि रीडची गाठ पडली. दोघे जुने ओळखीचे. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात ते एकाच तुकडीत होते आणि त्याच तुकडीत अब्राहम लिंकनही होता. क्लायमनने सांगितले की गाड्यांची मळलेली वाट सोडू नका, ती धरूनही वेळेत पोचलात तर नशीब. रीडचे उत्तर क्लायमनने लिहून ठेवले आहे. जवळची वाट असताना एवढा वळसा कशाला घ्यायचा, असा त्याचा सूर होता.

इथे मी बराच वेळ अडखळलो. वाट पाहून आलेला जुना सोबती समोर बसून सांगतो आहे आणि रीड विश्वास ठेवतो छापील ओळीवर. मूर्ख म्हणून त्याला निकालात काढणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. क्लायमनचे बोलणे हा एका माणसाचा अनुभव होता. पुस्तकात मात्र मैल होते, दिशा होती, अमुकाहून तमुक जवळ असा हिशेब होता. छापलेल्या आकड्याला जो अधिकार चिकटतो, तो तोंडच्या सल्ल्याला कधी मिळत नाही. आम्ही मास्तर लोक तर त्याच अधिकारावर जगलो.

जुलैच्या अखेरीस मंडळी फोर्ट ब्रिजरला पोचली. नव्या जवळवाटेची तिथे भरपूर तारीफ झाली. ती स्वाभाविकच होती, कारण अलीकडे पडलेल्या दुसऱ्या एका आडवाटेने गाड्या परस्पर निघून जात आणि जिम ब्रिजरच्या दुकानावर गिऱ्हाईक येईनासे झाले होते. पुढे गेलेल्या एडविन ब्रायंट या पत्रकाराने 'गाड्या घेऊन या वाटेला लागू नका' अशी पत्रे रीडसाठी तिथे ठेवली होती. ती आपल्या हाती पडलीच नाहीत, असे रीडने नंतर म्हटले.

३१ जुलैला ते नव्या वाटेला लागले. ६ ऑगस्टला वेबर नदीच्या घळीपाशी हेस्टिंग्जची चिठ्ठी मिळाली : घळीतून येऊ नका, थांबा, मी दुसरी वाट दाखवतो. रीड घोड्यावरून पुढे जाऊन त्याला भेटला. हेस्टिंग्ज परत आला नाही. एका उंचवट्यावरून त्याने हात करून दिशा तेवढी दाखवली. मग झुडपे तोडत आणि दगड हलवत वासॅच डोंगरातून जेमतेम छत्तीस मैल कापायचे होते. सॉल्ट लेकचे खोरे लागले २२ ऑगस्टला. अगदी तोंडाशी आल्यावर झाडी तोडायचे त्राण उरले नव्हते, म्हणून त्यांनी एका खड्या टेकडीवरूनच गाड्या ओढून काढल्या. एकेका गाडीला जवळजवळ सगळे बैल जुंपावे लागले. पुढच्या वर्षी ब्रिगॅम यंगचे मॉर्मन अनुयायी याच तयार वाटेने आले. त्यांनी टेकडीखालची झाडी तोडली आणि चारेक तासांत सपाटीवरून पार झाले. ज्या गावात बसून मी हे वाचत होतो, ते त्यानंतर वसले. ती टेकडी मुलीच्या घरापासून मोटारीने वीस मिनिटांवर आहे. एका दुपारी आम्ही ती पाहून आलो. फार मोठी नाही.

त्यापुढे मिठाचे वाळवंट. हेस्टिंग्जच्या हिशेबाने ते चाळीस मैल होते. निघाले ऐंशी. पायलट पीक या शिखराखालच्या झऱ्यांशी पोचेपर्यंत तहानेने बैल उधळले आणि गाड्या मिठाच्या चिखलात सोडून द्याव्या लागल्या. सर्वांत जास्त नुकसान रीडचे झाले. १९८६ मध्ये सॉल्ट लेकचे वाढते पाणी पंपाने या वाळवंटात सोडायचे ठरले, तेव्हा त्याआधी पुरातत्त्वज्ञांनी त्या टाकलेल्या गाड्यांच्या जागा उकरून अभ्यासल्या.

मी वहीत तारखा मांडल्या. फोर्ट ब्रिजर सोडले ३१ जुलैला, हम्बोल्ट नदीवर जुनी वाट पुन्हा लागली २६ सप्टेंबरला. म्हणजे सत्तावन्न दिवस. आणि ही जवळवाट मुळात जुन्या वाटेहून लांबच होती. मात्र दोष एकट्या वाटेवर ढकलता येत नाही. हेस्टिंग्जच्या बरोबर पुढे गेलेल्या साठेक गाड्या त्याच वाटेने, हाल काढत का होईना, वेळेत कॅलिफोर्नियात उतरल्या. डॉनर मंडळी सर्वांत मागे होती, पुढच्यांची चाकोरी त्यांना डोंगरात मिळाली नाही आणि गाठीला शिल्लक दिवसही नव्हते. त्यात ऑक्टोबरात भांडणातून रीडच्या हातून एक गाडीवान मारला गेला आणि रीडला हाकलून दिले गेले. आज रीनो आहे तिथल्या कुरणात थकल्या जनावरांना त्यांनी काही दिवस विसावा दिला. खिंड अजून काही आठवडे मोकळी राहील अशी खबर होती. ऑक्टोबरच्या शेवटी पहिली कुटुंबे तळ्याकाठी पोचली आणि बर्फाने माथा बंद झाला.

पुढचे जगाला ठाऊक आहे, मी ते आवरते घेतो. १६ डिसेंबरला सतरा जण घरगुती बनावटीचे बर्फावर चालायचे जोडे घालून मदत आणायला निघाले, दोघे परतले. उरलेल्या पंधरांतले सात पोचले, त्यांत पाच बाया. लुईस आणि साल्वादोर ही दोन नावे मात्र गाळता येत नाहीत. सटर्स फोर्टहून शिधा घेऊन मदतीला आलेले हे दोन मूलनिवासी तरुण. मेलेल्यांचे मांस खायला त्यांनी नकार दिला आणि पुढे त्यांनाच गोळ्या घालून खाल्ले गेले. पहिले मदतपथक तळ्यावर पोचले ते १८ फेब्रुवारी १८४७ ला. सत्त्याऐंशीपैकी निम्म्याच्या आसपास माणसे गेली.

पॅट्रिक ब्रीन या आयरिश शेतकऱ्याने तळ्याकाठच्या झोपडीत २० नोव्हेंबरपासून १ मार्चपर्यंत रोजनिशी ठेवली. बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात ती आहे. भयकथा शोधणाऱ्याची तिथे निराशा होईल. वारा कुठला, बर्फ किती, लाकूड मिळाले का, कोण गेले, बहुतेक एवढेच. त्याच्या कुटुंबातली नऊच्या नऊ माणसे वाचली. रीडची तेरा वर्षांची मुलगी व्हर्जिनिया हिने मे १८४७ मध्ये मामेबहिणीला पत्र लिहिले. शुद्धलेखन यथातथाच, पण सल्ला स्पष्ट : आडवाटेला लागू नका आणि होईल तितकी घाई करा. रीड कुटुंबही सगळे वाचले होते.

त्या खिंडीचा स्वभाव पुढेही बदलला नाही. १८६६-६७ च्या हिवाळ्यात चिनी मजूर तिथे रेल्वेचा १६५९ फुटी बोगदा ग्रॅनाइटमध्ये खोदत होते. त्या मोसमात चव्वेचाळीस वादळे मोजली गेली आणि हिमकडे कोसळून गेलेल्यांची प्रेते वसंतात सापडली. जानेवारी १९५२ मध्ये 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही झोकदार रेल्वेगाडी २२६ माणसांसह तीन दिवस बर्फात रुतून बसली. २०२२-२३ च्या हिवाळ्यात खिंडीजवळच्या बर्कली विद्यापीठाच्या हिमप्रयोगशाळेत बासष्ट फुटांहून अधिक बर्फ मोजला गेला.

हे सारे मी जेवताना सांगत असे. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्याला विमानानं न्यायचंय का तुम्हाला?" जावई मात्र ऐकत होता. त्याने चाकांच्या साखळ्या आणल्या. कॅलिफोर्नियात बर्फ पडला की रस्त्यावर तीन पायऱ्यांचे नियम लागतात. दुसऱ्या पायरीला चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांनाच साखळ्यांविना सोडतात. तिसरीला कुणालाच नाही, आणि बहुधा तोवर रस्ताच बंद होतो. आम्ही घोंगड्या, पाणी, फावडे, चपात्यांचा डबा आणि बेसनाचे लाडू घेतले. बेतात एक दिवस कोरा ठेवायचा, ही माझी अट होती. हॉटेलचे पैसे वाया जातील म्हणून त्यावर थोडी कुरबुर झाली.

सत्तावीस तारखेला पहाटे निघालो. बॉनविलच्या मिठागरावर पाण्याचा पातळ थर होता आणि उजव्या हाताला दूर पायलट पीक दिसत होते. ज्या पट्ट्यात त्यांचे बैल गेले, तो आम्ही कॉफी पीत तासाभरात मागे टाकला. हम्बोल्टकाठी मला झोपही लागली. रीनोला पोचलो तर डोंगरात वादळ, माथा बंद. जावयाने फोन पाहिला. फोनने तत्परतेने उत्तरेकडची दुसरी वाट सुचवली होती. हेनेस पास रोड, जुना गाडीरस्ता, कच्चा. हिवाळ्यात त्यावरचा बर्फ कोणी काढत नाही. फोनच्या लेखी तो मोकळा होता, वाहनांची गर्दी शून्य. नोव्हेंबर २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे एक कुटुंब ऑरेगनच्या डोंगरात अशाच एका रस्त्याला लागले. नवव्या दिवशी आई आणि दोन मुली सापडल्या. मदत शोधायला चालत गेलेला बाप वाचला नाही.

मी काही बोललो नाही. जावयाने फोन पालथा ठेवला आणि मुलीला म्हणाला, "अगं, बाबांचा कोरा दिवस वापरू या." रात्र रीनोत काढली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रस्ता उघडला. ट्रकीजवळ पायोनियर स्मारक आहे. त्याचा नुसता चौथराच बावीस फूट उंच आहे, त्या हिवाळ्यातल्या बर्फाएवढा म्हणून बांधलेला. पाहायला उतरायचे होते, पण मागे गाड्यांची रांग होती. उतरलो ते थेट सॅक्रामेंटोत, सटर्स फोर्टला. आठ वर्षांच्या पॅटी रीडने या सगळ्या प्रवासात लपवून सांभाळलेली लाकडी बाहुली तिथली. बोटाएवढी आहे. मिठाच्या वाळवंटात गाड्या रिकाम्या करताना वडीलधाऱ्यांनी मुलांना खेळणी टाकून द्यायला सांगितले होते. तिने ही टाकली नव्हती.