दहावीनंतर डिप्लोमा: गावातल्या मुलांसाठी उस्मानपुऱ्यातून जाणारा इंजिनीअरिंगचा रस्ता नेमका कसा आहे?

इंजिनीअर व्हायचं तर अकरावी-बारावी सायन्स, महागडे क्लास आणि सीईटी हे सगळं करावंच लागतं, असा अनेकांचा समज असतो. पण आणखी एक रस्ता आहे, दहावीनंतरचा डिप्लोमा. मराठवाड्यात या रस्त्यावरची महत्त्वाची ठिकाणं छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुरा भागात आहेत.

उस्मानपुऱ्यात काय आहे?

स्टेशन रोडला लागून असलेल्या या भागात शासकीय तंत्रनिकेतन, म्हणजेच गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आहे. 1960 साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही इथेच आहे. तंत्रशिक्षण विभागाचं प्रादेशिक कार्यालयही याच भागात आहे. म्हणजे डिप्लोमा, डिग्री आणि त्यांचा कारभार पाहणारं कार्यालय, तिन्ही एकाच परिसरात.

हा रस्ता चालतो कसा?

डिप्लोमा तीन वर्षांचा असतो. त्यासाठी प्रवेश परीक्षा नसते. दहावीच्या गुणांवर राज्यभर एकच ऑनलाइन प्रक्रिया होते, तिला कॅप राउंड म्हणतात. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, तोही सीईटी न देता. मध्येच थांबावं लागलं तरी हातात नोकरीसाठी उपयोगी पात्रता असते. ज्या गावात सायन्सचं कॉलेज किंवा क्लास नाही, तिथल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

फी किती माफ होते?

जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळू शकतं.

मग अडतं कुठे?

कागदपत्रांवर: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर. यातलं नॉन-क्रीमीलेअर त्या आर्थिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं. निकालानंतर सेतू केंद्रावर गर्दी उसळते, म्हणून हे दाखले परीक्षा संपताच काढलेले बरे. आणखी एक गोष्ट, प्रवेश मिळाला म्हणजे सवलत आपोआप मिळत नाही. महाडीबीटी पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो दरवर्षी करावा लागतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.

राहण्यावर: फी माफ झाली तरी खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च उरतोच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे, त्यात अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा विचार होतो.

भाषेवर: जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाला पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकं जड जातात. तंत्रशिक्षण मंडळाने डिप्लोमासाठी मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय दिला आहे. त्यात समजावणं आणि उत्तर लिहिणं सोपं होतं, पण तांत्रिक शब्द इंग्रजीच राहतात. डिग्रीला जायचं असेल तर ते शब्द पहिल्या वर्षापासूनच अंगवळणी पाडून घ्यावेत.

लक्षात ठेवा

पुढे डिग्रीला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज डिप्लोमा सुरू असतानाच करावा. प्रवेशाच्या तारखा दरवर्षी बदलतात. फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर विसंबू नका, तंत्रशिक्षण संचालनालयाची वेबसाइट पाहा किंवा जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या सुविधा केंद्रावर विचारा.