जीन-भेदांची आधारसामग्री

जीनाच्या रासायनिक क्रमात व्यक्तिपरत्वे आढळणाऱ्या फरकास जीन-भेद म्हणतात. बहुतेक भेद निरुपद्रवी असतात, तर काहींमुळे जीनाचे कार्य बंद पडून रोग उद्‌भवतो. एखादा भेद कोणत्या गटात मोडतो, हे एका कुटुंबाच्या निरीक्षणावरून क्वचितच ठरते. त्यासाठी अनेकांची माहिती एकत्र आणावी लागते. बीआरसीए-१ या जीनाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाशी निगडित असा जीन सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये दाखविले. मार्क स्कोल्निक यांच्या गटाने १९९४ मध्ये तो अलग केला. पुढे मिरिअड जेनेटिक्स या कंपनीकडे त्याची एकस्वे आली व अमेरिकेतील चाचण्या बव्हंशी तिच्याच हाती राहिल्या. भेदांच्या नोंदींसाठी १९९५ मध्ये खुला संग्रह सुरू झाला होता. परंतु २००४ नंतर कंपनीने त्यास माहिती देणे थांबविले. परिणामी ‘अर्थ अनिश्चित’ असा अहवाल हाती आलेल्या स्त्रीस, शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी तो अन्यत्र पडताळून पाहणे कठीण झाले.

निसर्गतः आढळणारा डीएनए केवळ अलग केल्याने एकस्वास पात्र ठरत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी दिला. त्याच सुमारास ‘क्लिनव्हार’ हा सार्वजनिक संग्रह खुला झाला. भेदांची निरुपद्रवी ते रोगकारक अशी पाच वर्गांत विभागणी करण्याचे नियम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

अतिदुर्मिळ भेदांबाबत मात्र रुग्णांच्या नोंदी अपुऱ्या पडतात. एका प्रथिनाचे असंख्य भेद एकाच प्रयोगात तपासण्याची पद्धत डग्लस फाउलर, स्टॅनली फील्ड्स व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये मांडली. जे शेंड्युर यांच्या गटाने २०१८ मध्ये बीआरसीए-१ मधील ३,८९३ भेद अशा मानवी पेशींत निर्माण केले की, ज्या या जीनावाचून जगू शकत नाहीत. पेशी टिकल्या की नष्ट झाल्या, यावरून प्रत्येक भेदास गुणांक मिळाला. अशा गुणांकांसाठी ‘मेव्हडीबी’ हा खुला संग्रह २०१९ पासून उपलब्ध आहे.

तथापि पेशीतील गुणांक म्हणजे रोगनिदान नव्हे. कुटुंबाचा इतिहास व अन्य पुरावे यांच्याशी तो ताडून पाहावा लागतो. शिवाय रुग्णनोंदींच्या संग्रहांत यूरोपीय वंशाच्या व्यक्तींची माहिती अधिक असल्याने भारतीयांसह इतरांच्या चाचण्यांत अनिश्चित भेद अधिक आढळतात. म्हणूनच वंशनिरपेक्ष अशा प्रायोगिक आधारसामग्रीचे महत्त्व त्यांच्या दृष्टीने विशेष आहे.