लाल गाडी आणि काटेरी मासे

प्राण्यांची शरीररचना आपण वर्गात तपशिलाने शिकवतो. वर्तन मात्र दोन ओळींत उरकतो. हॉलंडमधील लायडेन विद्यापीठात निको टिनबर्गेन यांनी १९३० च्या दशकात वर्तनाची प्रात्यक्षिकेच सुरू केली. त्यासाठी निवडला बोटाएवढा, पाठीवर तीन काटे असलेला स्टिकलबॅक मासा. विणीच्या हंगामात नराचे पोट लाल होते. तो घरटे बांधतो आणि हद्दीत शिरणाऱ्या दुसऱ्या नराला हुसकावतो.

खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली, की टाक्यांतले नर तिच्या दिशेने धावत. मग नराला चिडवतो तो आकार की रंग? नुसत्या निरीक्षणाने हे ठरत नाही. म्हणून प्रतिकृती केल्या. हुबेहूब, पण लाली नसलेल्या प्रतिकृतीकडे नरांनी फारसे लक्ष दिले नाही. खालून लाल रंगवलेल्या ओबडधोबड प्रतिकृतींवर मात्र ते तुटून पडले.

१९७३ मध्ये टिनबर्गेन यांना लोरेन्झ व फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल मिळाले. तरीही पुढे इतरांनी हा प्रयोग केला, तेव्हा दर वेळी तोच निकाल आला नाही. आम्हांला वाटते, विद्यार्थ्यांना हेही सांगावे. आणि वहीत दोन रकाने आखायला लावावेत: ‘काय दिसले’ आणि ‘काय वाटले’.