पाद्य, जटामांसी आणि यजमान

विजयनगर ही जबलपूरची अर्वाचीन वसाहत असली, तरी ज्या शहराच्या आश्रयाने ती वाढली ते १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. आणि महाराष्ट्रातून येऊन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना पाहुण्याच्या पायांवर पाणी घालणे व विवाहात वराचे पाय धुणे हे उपचार सांगावे लागत नाहीत. अशा वाचकाने ख्रिस्ती धर्मग्रंथ उघडला, तर त्यास फारसा परकेपणा वाटू नये, कारण ‘उत्पत्ती’च्या अठराव्या अध्यायात, भर दुपारी दारी आलेल्या तीन अनोळखी वाटसरूंना अब्राहाम प्रथम देऊ करतो ते पाय धुण्याचे पाणीच होय, भाकरी, दही व वासराचे मांस मागाहून येते.

या उपचारात कसूर झाल्यास तिचा हिशेब कसा होतो, हे लूककृत शुभवर्तमानात दिसते. शिमोन परूशी येशूला जेवावयास बोलावतो, परंतु ना पायांना पाणी, ना स्वागताचे चुंबन, ना मस्तकाला तेल. ही तिन्ही न्यूने गावाने पापिणी ठरविलेली एक स्त्री आपल्या आसवांनी, केसांनी आणि सुगंधी तेलाने भरून काढते.

योहानाच्या वृत्तान्तात बेथानीची मरीया येशूच्या पायांना जे तेल लावते, ते सुमारे सव्वातीनशे ग्रॅम भरते आणि शिष्य यहूदा त्याची किंमत तीनशे दीनार लावतो. मजुराचा रोजमुरा एक दीनार असे, म्हणजे ही जवळजवळ वर्षाची कमाई झाली. या तेलाचे मूळ द्रव्य हिमालयातील जटामांसी. केरळातील मुझिरिस बंदरातून निघालेल्या ‘हर्मापोलोन’ जहाजाच्या मालाची दुसऱ्या शतकातील नोंद उपलब्ध असून तीत गंगेकडील जटामांसीच्या ६० पेट्या आहेत. तेव्हा बेथानीतील त्या भक्तीचा परिमळ भारतीय मुलखातून गेला असावा, असे मानण्यास आधार आहे.

यानंतरच्या अध्यायात मात्र क्रम उलटतो. भोजनसमयी गुरूच कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागतो आणि पेत्र संकोचाने पाय मागे घेतो. सुदाम्याचे पाय धुणारा कृष्ण आपल्यास ठाऊक असल्याने हे दृश्य अपूर्व वाटत नाही. अपूर्व आहे ते एवढेच, की त्या पंक्तीत विश्वासघात करणारा यहूदाही बसला होता व त्याचे पायही वगळले गेले नाहीत. १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त थॉमस स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र मराठी ओवीत बांधले, तेव्हा असा चरित्रनायक पुराणश्रवणाला सरावलेल्या श्रोत्यांपुढे आला.

पुढे या कृतीचा विधी झाला. ६९४ च्या तोलेदो धर्मसभेने तो सक्तीचा केला. कॅथलिक चर्चच्या १९५५ च्या सुधारणेने तो मिस्साविधीतच करण्याची मुभा दिली, त्या वेळी १९५४ मध्ये स्थापन झालेला जबलपूरचा धर्मप्रांत जेमतेम वर्षाचा होता. आणि बारा पुरुषांच्या पंक्तीत स्त्रियांना स्थान मिळावयास २०१६ उजाडावे लागले. ज्या धर्मग्रंथात पाहुण्याचे पाय धुऊन यजमानाला लाजविणारी एक स्त्री आहे, त्याच्या अनुयायांना हा निवाडा देण्यास इतका विलंब लागावा, हे रूढीच्या बळाचे प्रमाण होय.