परीक्षकाचे दप्तर

परीक्षेत अपयश आले की तो दोष विद्यार्थ्याचा, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल आहे, की ज्या अभ्यासक्रमात तो नापास झाला त्या अभ्यासक्रमाचीही कधी परीक्षा घ्यावी असे सुचविणारा मनुष्य विक्षिप्तच ठरावा. अशा विक्षिप्त माणसांना एका विद्यापीठाने पगार देऊन पदरी ठेवले, त्यांना स्वतंत्र दप्तर थाटून दिले आणि आपल्या नामवंत अध्यापकांच्या हातची गुणदानाची लेखणी काढून ती त्यांच्या स्वाधीन केली, ही हकीकत अमेरिकेतील शिकागो येथील आहे.

शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, ही व्यवस्था आपल्याला नवी नव्हे. लंडन विद्यापीठाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा शिकविण्याचे काम महाविद्यालयांकडे राहिले आणि विद्यापीठाच्या वाट्याला परीक्षा घेऊन सनदा देण्याचा कारभार तेवढा आला. १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक्युलेशनला १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. उरलेल्या ११० जणांविषयी जो निवाडा व्हायचा तो झालाच. पण त्यांना जे आणि ज्या रीतीने शिकविले होते, त्याविषयी निवाडा करण्याची तजवीज त्या रचनेतच नव्हती. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावे होती. फळे इतकी रसाळ निघाल्यावर झाडाची चौकशी करण्याचे कारण कोणाला वाटावे? आपल्याकडे परीक्षकाला शिक्षकापासून दूर केले ते निःपक्षपातासाठी, सर्व महाविद्यालयांना एकच माप लागावे म्हणून. हेतू चांगलाच होता. परंतु त्या मापाने विद्यार्थी तेवढे मोजले गेले.

अमेरिकेत प्रारंभी याच्या नेमके उलटे होते. जो शिकवी तोच परीक्षा घेई आणि तोच गुण देई. काय शिकवावे याविषयी मात्र तेथे शतकभर वाद चालला. १८२८ साली येल महाविद्यालयाने आपल्या प्रसिद्ध अहवालात ग्रीक, लॅटिन आणि गणित यांच्या सक्तीचे समर्थन केले, ते मनाला शिस्त लागते या तत्त्वावर. १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या चार्ल्स एलियट यांनी चाळीस वर्षांच्या अंमलात ती सक्ती जवळजवळ मोडीत काढून विषयांचा बाजारच मांडला आणि विद्यार्थ्याने रुचेल ते घ्यावे असे ठरविले. त्यांच्यामागून आलेल्या लॉवेल यांनी त्या स्वैरतेला पुन्हा बांध घातला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, कोलंबिया विद्यापीठाने समकालीन संस्कृतीचा एक अभ्यासक्रम सर्वांना आवश्यक केला. आणि विशेष विषयाखेरीज प्रत्येक पदवीधराला काही समान ज्ञान असलेच पाहिजे या विचाराला पुढे ‘सामान्य शिक्षण’ हे नाव रूढ झाले.

या सर्व वादांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. विद्यार्थी अमुक विषयाच्या वर्गात अमुक तास बसला, म्हणजे तो विषय त्याला आला! हजेरीपटावरून विद्वत्ता ठरविण्याच्या या पद्धतीला मोठा धक्का बसला तो पेनसिल्व्हेनिया राज्यात. तेथे १९२८ पासून कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने विल्यम लर्नेड आणि बेन वुड यांनी महाविद्यालयांतील हजारो विद्यार्थ्यांची एकाच प्रकारच्या विस्तृत कसोट्यांनी पाहणी केली, आणि १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दाखवून दिले, की पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कित्येकांपेक्षा शाळेच्या शेवटच्या इयत्तेतील कित्येक मुले अधिक जाणतात. इतकेच नव्हे, तर दोन वर्षांच्या अंतराने तीच कसोटी पुन्हा दिलेल्या काही विद्यार्थ्यांचे गुण वाढण्याऐवजी उतरलेले आढळले. दोन वर्षांची फी भरून पदरी तूट आली, असा हा जमाखर्च होता.

शिकागोचा प्रयोग याच काळातला. १९२९ साली रॉबर्ट हचिन्स हा अवघ्या तीस वर्षांचा तरुण त्या विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९३१ च्या शरदापासून तेथे ‘नवी योजना’ अंमलात आली. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, भौतिक शास्त्रे आणि जीवशास्त्रे असे चार सामान्य अभ्यासक्रम सर्वांसाठी ठरले. त्यांत हजेरीची सक्ती नव्हती. वर्गातील शिक्षकाने दिलेले गुण केवळ सल्ल्यापुरते होते. पदवीकडे जाण्याची वाट काय ती अखेरच्या दीर्घ, सर्वसमावेशक परीक्षेतून जाई, आणि तयारी झाली असे वाटेल तेव्हा विद्यार्थ्याने त्या परीक्षेस बसावे अशी मुभा होती. ही परीक्षा घेणारे मंडळ स्वतंत्र होते. त्याचे पहिले प्रमुख लुई थर्स्टन हे मूळचे अभियंते, काही काळ एडिसनच्या हाताखाली काम केलेले आणि मागाहून मानसशास्त्राकडे वळलेले.

विद्यार्थ्यांबरोबर अभ्यासक्रमालाही तपासणाऱ्या या परीक्षामंडळाच्या दप्तराला त्याचे खरे स्वरूप आले ते १९३८ साली राल्फ टायलर तेथे परीक्षक म्हणून आल्यावर. ओहायोत असताना टायलर प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना एक साधा परंतु अडचणीत टाकणारा प्रश्न विचारीत असत: हा विषय शिकलेला विद्यार्थी, न शिकलेल्याला न येणारे असे काय करून दाखवील? विचारशक्ती वाढेल, शास्त्रीय दृष्टी येईल, असल्या मोघम उत्तरांवर त्यांचे समाधान होत नसे. ती दृष्टी आली हे कशावरून ओळखायचे, ते सांगा, असा त्यांचा आग्रह असे. वर्षभराने पुन्हा कसोटी घेता त्यांना असे दिसून आले, की घोकलेली नावे व संज्ञा बव्हंशी विस्मृतीत जातात, पण नव्या प्रयोगाचा अर्थ लावण्याची आणि तत्त्व लागू करण्याची शक्ती टिकून राहते. परीक्षा मात्र बहुधा त्या नावांचीच होत असे. हा एक शोध मला त्या काळातील कित्येक शैक्षणिक अहवालांहून मोलाचा वाटतो, कारण आपल्या पाठांतराच्या दीर्घ परंपरेची सारी नाडी त्यात हाती लागते.

टायलर यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम १९४३ मध्ये विद्यापीठाचे परीक्षक झाले. १९४८ साली बोस्टन येथे जमलेल्या निरनिराळ्या महाविद्यालयांच्या परीक्षकांना प्रश्नांची देवाणघेवाण करावयाची होती. त्यासाठी प्रश्नांचे काही वर्गीकरण हवे होते. त्या व्यावहारिक गरजेतून १९५६ साली निघालेल्या ग्रंथात ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मांडल्या गेल्या. आज बी. एड. चे विद्यार्थी त्या सहा पायऱ्याच पाठ करतात, म्हणजे पहिल्या पायरीवरच थांबतात, हा विनोद ब्लूम यांना बहुधा समजला असता.

या दप्तराचे सारेच गुणगान करावे असे मात्र नाही. जे मोजता येते त्याला महत्त्व द्यावयाचे आणि जे मोजता येत नाही ते हळूहळू उद्दिष्टांच्या यादीतूनच गळू द्यावयाचे, हा धोका त्या पद्धतीच्या अंगीच होता. काव्य वाचून एखाद्याच्या अंतःकरणात काय घडले, याची नोंद पर्यायी उत्तरांच्या चौकटीत होत नसते. शिवाय शिक्षकाच्या हातून गुणदान काढून घेतले की त्याचा वर्गावरचा अधिकार डळमळतो, ही तक्रारही खोटी नव्हती. १९५१ साली हचिन्स निघून गेल्यावर त्यांच्या योजनेचा पाया ढासळू लागला, आणि गुण देण्याचे काम कालांतराने पुन्हा अध्यापकांकडे परतले.

याच सुमारास परीक्षा रचण्याची ती विद्या आपल्याकडे येत होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली विद्यापीठीय शिक्षणाच्या विचारासाठी नेमलेल्या राधाकृष्णन आयोगात जॉन टायगर्ट हे सदस्य होते. फ्लोरिडा विद्यापीठाचे अध्यक्ष असताना त्यांनी स्वतः तेथे सामान्य शिक्षणाचे महाविद्यालय उभारले होते. आयोगाने आपल्या विद्यापीठांना सामान्य शिक्षणाची शिफारस केली, आणि एकच सुधारणा करावयाची तर ती परीक्षांची करावी, असेही बजावले. पुढे १९५७ मध्ये ब्लूम भारतात आले, शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या आणि १९५८ साली केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला. तो विभाग होता माध्यमिक शिक्षणाचा. महाविद्यालये त्याच्या कक्षेबाहेर राहिली. विद्यापीठांनी सामान्य शिक्षणाचे विषय घेतले, त्यांच्या प्रश्नपत्रिका काढल्या, निकाल लावले, पण त्या विषयांनी आपले काम केले की नाही हे विचारणारे दप्तर उघडले नाही.

वाचकांच्या कपाटात पदवी परीक्षेची एखादी जुनी, पिवळी पडलेली प्रश्नपत्रिका असेल, तर ती काढून तिच्यातील किती प्रश्न केवळ स्मरणावर सुटतात, ते पेन्सिलीने खुणा करून एकदा मोजावे.