लीलावतीतील काटकोन त्रिकोण
भिंतीची उंची आणि भिंतीपासून शिडीच्या पायथ्याचे अंतर यांवरून शिडीची लांबी काढणे, हा काटकोन त्रिकोणाचा सर्वांत सोपा उपयोग होय. भिंत ही कोटी, जमिनीवरील अंतर हा भुज व शिडी हा कर्ण. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) *लीलावती*त प्रारंभी भुज ३, कोटी ४ व कर्ण ५ हेच परिचित उदाहरण येते. खरे कौशल्य पुढे दिसते. कारण तेथे कर्ण स्वतंत्रपणे दिलेलाच नसतो.

३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला व त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? येथे कोटी व कर्ण यांची फक्त बेरीज माहीत आहे. त्यांच्या वर्गांतील फरक भुजाच्या वर्गाइतका, म्हणजे २५६. त्याला ३२ ने भागले असता दोहोंतील फरक ८ येतो. म्हणून कोटी १२ हात व कर्ण २० हात. मोर व साप यांचे उदाहरण वरकरणी निराळे वाटते. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी बीळ, २७ हातांवर बिळाकडे येणारा साप. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून १२ हातांवर पडते. (मोराची झेप अगदी सरळ रेषेत मानावी लागते, हे अलाहिदा.) वस्तुतः हा आडवा पडलेला वेळूच होय.

श्लोकांत रीत आहे, उपपत्ती नाही. तेवढ्यावरून भारतीय गणितज्ञांना सिद्धतेची गरज वाटत नव्हती, असा निष्कर्ष काढला जातो. तथापि कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी *लीलावती*वर १५४५ मध्ये लिहिलेल्या *बुद्धिविलासिनी* टीकेत तिच्या नियमांच्या उपपत्ती दिलेल्या आहेत.