गोल कोपऱ्यांचा मथळा

कोणतेही शालेय पाठ्यपुस्तक उघडा. धड्याचे किंवा स्वाध्यायाचे शीर्षक एका रंगीत पट्टीवर असते आणि त्या पट्टीचे कोपरे बहुधा गोलावलेले असतात. मुलांना त्यात काही नवल वाटत नाही. परंतु अक्षरांमागे अशी पट्टी आणणे आणि तिचे कोपरे गोल करणे, यामागे थोडे गणित आणि पुष्कळ खटपट आहे.

शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी कंपोझिटरजवळ सरळ पितळी पट्ट्या असत. चार पट्ट्या जोडल्या की चौकट तयार. गोल कोपरा हवा असेल तर त्याचे वेगळे ओतीव तुकडे लागत, आणि त्यांची गोलाई आयुष्यभर तीच राहणार. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरे काढायची म्हणजे तर ब्लॉकच करावा लागे, कारण खिळ्याचा उठावाचा भाग शाई उमटवतो, पुसत नाही. पुढे ऑफसेट आले तेव्हा चित्रकार शाईच्या पेनाने आणि साच्याने कोपरे काढी. शीर्षकात एक शब्द वाढला की सारे पुन्हा काढायचे.

संगणकाच्या पडद्यावर गोल कोपरा आला त्याची कथा १९८१ सालची आहे. ॲपल कंपनीत बिल ॲटकिन्सन हे पडद्यावरील रेखाटनाची आज्ञावली लिहीत होते. हीच पुढे क्विकड्रॉ म्हणून प्रसिद्ध झाली. वर्तुळ काढायचे तर वर्गमूळ हवे, आणि ६८००० या प्रक्रियकाला वर्गमूळ काढण्याची सोय नव्हती. ॲटकिन्सन यांनी शाळेतल्या एका गोष्टीचा आधार घेतला : क्रमाने येणाऱ्या विषम संख्यांची बेरीज नेहमी पूर्ण वर्ग असते. १ + ३ = ४, त्यात ५ मिळवले की ९, त्यात ७ मिळवले की १६. म्हणजे प्रत्येक पायरीला वर्ग नव्याने काढायचा नाही, फक्त पुढची विषम संख्या मिळवायची. केवळ बेरीज-वजाबाकीने वर्तुळे आणि लंबगोल झपाट्याने निघू लागले.

हे पाहून स्टीव्ह जॉब्ज यांनी विचारले, गोल कोपऱ्यांचे आयत का नाहीत? ॲटकिन्सन यांना ते अवघड आणि अनावश्यकही वाटले. जॉब्ज यांनी खोलीतल्या गोल कोपऱ्यांच्या वस्तू दाखवल्या, मग त्यांना बाहेर रस्त्यावर नेले आणि वाहने उभी न करण्याची सूचना देणाऱ्या फलकापर्यंत असे आयत मोजत गेले. दुसऱ्या दिवशी आज्ञावली तयार होती. १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये बटणांना आणि चौकटींना तीच वापरली गेली. ॲटकिन्सन २०२५ साली निवर्तले.

पडद्यावर दिसणे वेगळे आणि कागदावर उमटणे वेगळे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अडोबी स्थापन केली. त्यांच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत ठिपक्यांऐवजी वक्ररेषाच सांगितली जाते. ही वक्ररेषा म्हणजे रेनो मोटार कारखान्यातील पिएर बेझिए यांच्या नावाने ओळखली जाणारी. गंमत अशी की या वक्राने खरे वर्तुळ कधीच निघत नाही. पाव वर्तुळासाठी नियंत्रक बिंदू त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवले की चूक सुमारे ०.०३ टक्क्याच्या आत राहते. छपाईत ती कोणाच्या डोळ्यांना दिसणार?

१९८५ साली लेझररायटर छपाईयंत्र आणि आल्डस कंपनीचे पेजमेकर आले आणि टेबलावरची मुद्रणव्यवस्था सुरू झाली. महाराष्ट्रातील अनेक अक्षरजुळणी केंद्रांत पेजमेकर वर्षानुवर्षे चालले. कोपरे आता क्षणात गोल होत, पण खरी अडचण तशीच राहिली. पट्टी हे एक चित्र होते आणि शीर्षक हा मजकूर. आधीच्या परिच्छेदात दोन ओळी वाढल्या की शीर्षक खाली सरके, आणि पट्टी जागच्या जागी. शंभर पानांच्या पुस्तकात हे किती वेळा निस्तरावे लागत असेल, याची कल्पना करावी.

यावर जुळणीकारांनी एक युक्ती काढली. परिच्छेदाला रेघ जोडता येते आणि ती मजकुराबरोबर सरकते. रेघेची जाडी अक्षरांपेक्षा वाढवली की तीच पट्टी होते. राहिली फक्त टोके. पोस्टस्क्रिप्टमध्ये रेघेचे टोक सपाट ठेवता येते किंवा गोल. गोल टोक म्हणजे जाडीच्या निम्म्या त्रिज्येचे अर्धवर्तुळ. अडोबीच्या १९९९ साली आलेल्या इनडिझाइनमध्ये पुढे तुटक रेघेचे स्वतःचे नमुने करता येऊ लागले. तेव्हा गोल टोकांचा एकच लांब तुकडा असलेली रेघ परिच्छेदाला लावण्यात येऊ लागली. मला ही युक्ती त्या सॉफ्टवेअरमधल्या अनेक अधिकृत सोयींपेक्षा हुशार वाटते. तिच्या मर्यादाही उघड होत्या : गोलाई नेहमी अर्धवर्तुळाचीच, आणि शीर्षक दोन ओळींचे झाले की पट्टी एकाच ओळीपुरती.

परिच्छेदाच्या मागे रंग भरण्याची सोय इनडिझाइनमध्ये २०१५ साली आली, आणि त्याचे कोपरे हवे तितके गोल करण्याची २०१७ साली. म्हणजे क्विकड्रॉनंतर ३६ वर्षांनी पट्टी खऱ्या अर्थाने मजकुराची झाली.

शाळेचे हस्तलिखित किंवा सरावपत्रिका करताना एक हिशेब उपयोगी पडेल. मजकुराची चौकट गोल कोपऱ्याला टेकू नये म्हणून ती प्रत्येक बाजूने त्रिज्येच्या किमान ०.२९ पट आत हवी. पायथागोरसचा सिद्धांत शिकलेला विद्यार्थी हा आकडा स्वतः काढू शकेल. १० पॉइंट त्रिज्येला सुमारे ३ पॉइंट. मराठीत मात्र त्यावर आणखी थोडी जागा सोडावी, कारण इंग्रजीसाठी ठरवलेल्या मापात आपली वेलांटी आणि रफार पट्टीच्या वरच्या कडेला घासतात, तर खालचा उकार खालच्या कडेला.